झीलकरी

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ह्या म्हणीला मी माझ्यापुरती एक पुस्ती जोडली आहे : एकट्याने कोणतेच सोंग आणता येत नाही. कागदाचा मुकुट डोक्यावर चढवून मनुष्य आरशापुढे कितीही वेळ उभा राहो. जोवर दुसरा कोणी त्याच्यापुढे वाकून ‘महाराज’ म्हणत नाही, तोवर मुकुट कागदाचाच असतो. राजाचे राजेपण त्याच्या मिशीत नसून प्रधानाच्या लवलेल्या कमरेत असते.

म्हणूनच सोंग घेणाऱ्यांच्या मंडळीत नव्याने शिरणाऱ्याची स्थिती मोठी विलक्षण असते. भजनी मंडळात गेलेला नवखा टाळ घेऊन कडेला बसतो आणि दोन एकादश्यांत मंडळाचा होऊन जातो. खेळाच्या संघात त्याची धाव त्याच्या वतीने बोलते. सोंगाच्या मंडळीत मात्र त्याला जे व्हायचे असते ते त्याच्या हाती नसते; ज्यांची धड ओळखही नाही अशा दहा जणांच्या हाती असते. त्यांनी मानले तर तो राजा. न मानले तर रात्री अकरा वाजता चौकात हातवारे करणारा एक पोरगा. हे दहा जण नेमके कशाने मानतात, ह्या प्रश्नाने माझा बराच काळ पाठलाग केला आहे.

उज्जैनच्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या गावात माच आहे. मंच ह्या शब्दाचेच ते माळवी रूप. सुमारे दोनशे वर्षांची ही परंपरा. गोपालजी गुरू, बालमुकुंद गुरू, कालूराम उस्ताद ही तिच्यातील आदराने घेतली जाणारी नावे आणि उज्जैन हे तिचे माहेर. आपल्या काळात सिद्धेश्वर सेन यांनी ‘राजा भरथरी’सारखे माच लिहून ती जागती ठेवली आणि २०२४ साली ओमप्रकाश शर्मा यांना माचाच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा गावातल्या पुष्कळांना आपल्या घरामागे काय चालत होते ते प्रथमच कळले. प्रयोगाच्या कित्येक दिवस आधी मुहूर्त पाहून खांब रोवतात. मग उंच, उघडा मंच उभा राहतो. ढोलक आणि सारंगी मंचावरच असतात. संवादाला ‘बोल’ म्हणतात, चालीला ‘रंगत’. आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडल्याचा अभिनय करतो, फर्रासन येऊन जाजम अंथरते, आणि मग कोठे राजेरजवाड्यांना पाय ठेवायला जागा होते. खेळ रात्रभर चालतो आणि पहाटेच्या गारव्यात संपतो.

ह्या खेळात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही. नटाने बोल म्हटला की त्याची टेक मागे उभी असलेली मंडळी उचलून धरतात. माळव्यात ह्याला टेक झेलणे म्हणतात. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, तमाशात सुरत्ये असतात, तेच हे काम. नटाचा शेवटचा स्वर हवेत असतानाच तो झेलावा लागतो. क्षणभर आधी उचलला तर नटाचे तोंड दाबल्यासारखे होते. क्षणभर उशीर झाला तर गाण्याला भोक पडते आणि त्या भोकातून साऱ्या चौकाचे लक्ष निसटून जाते. झेलणाऱ्याला स्वतःचा असा एकही शब्द नसतो. दुसऱ्याचाच शब्द त्याने परत म्हणायचा, पण असा, की नटाला तेवढ्यात श्वास घेता यावा आणि पुढचा बोल आठवावा.

मी ज्या मंडळीत गेलो तेथे नवख्याला हेच काम देत. १९८४ सालच्या फाल्गुनातली ही गोष्ट. मी अकरावीत होतो. आमच्या घरी माचाला मान नव्हता. ‘सौभद्र असताना ही आरडाओरड कशाला ऐकायची?’ असे आजी म्हणे. आपण मराठी माणसे माळव्यात आलो त्याला आता तीनशे वर्षे होत आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळमंदिर बांधविले, १८१० साली शिंद्यांची राजधानी उज्जैन सोडून ग्वाल्हेरला गेली. इतके सारे घडून गेल्यावरही आजीच्या बोलण्यात ‘आमच्या देशावर’ हे शब्द दिवसातून चारदा येत, आणि तिने स्वतः देश पाहिला होता तो आयुष्यात एकदा, लग्नाच्या निमित्ताने. तेव्हा मी माचात गेलो तो दुहेरी नवखा होतो. सोंगात नवा, आणि भाषेतही. माळवीत आपल्यासारखा ‘ळ’ आहे, तेवढ्या एका अक्षराने माझी बाजू सावरली. बाकीच्या शब्दांना मराठी वास येई आणि मंडळी हसत.

पहिले पंधरा दिवस मी जाजमे झटकली, चहाच्या किटल्या आणल्या आणि टेक झेलली. उस्ताद हाती पोथी घेऊन नटाच्या मागे उभे असत. ते कोणालाही रागावत नसत आणि कोणाचीही स्तुती करीत नसत. त्यांच्याकडून शिकायचे ते त्यांच्या मानेकडे पाहून. टेक बरोबर झेलली गेली की मान किंचित हले. एरवी ती स्थिर.

त्याच वर्षी आणखी एक मुलगा आला होता. त्याचा गळा आमच्यातल्या कोणाहीपेक्षा चांगला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तो गाणे शिकलेला होता. टेक झेलताना तो शेवटच्या अक्षरावर एक तान घेई. तान सुरेख असे. पण ती संपेपर्यंत राजा तलवार उपसून उभा राही आणि ढोलकवाला सम शोधीत बसे. त्याला कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी उभे राहणारे दोघे थोडे पलीकडे सरकले. चौथ्या दिवशी चहाचा पेला त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचला. आठव्या दिवशी तो आला नाही. त्याला ‘जा’ असे कोणी म्हटले नव्हते. पण ‘असे नको, असे कर’ असेही कोणी म्हटले नव्हते. उस्तादांच्या न हलणाऱ्या मानेचा अर्थ मला लागत होता, कारण वडिलांच्या न बोलण्याचा अर्थ लावण्याची सवय मला घरीच लागली होती. त्याला ती नसावी. मंडळीच्या ह्या मुकेपणाचे कौतुक करणारे लोक पुढे मला भेटले. परंपरेत सारे न सांगताच शिकायचे असते, असे ते म्हणतात. मला ते मान्य नाही. न सांगण्यात जितकी शिस्त असते तितकाच आळसही असतो, आणि कधीकधी थोडी असूयाही. तो मुलगा पुढे कोणत्याच मंडळीत गेला नाही. आता त्याचे दुसऱ्या गावी दुकान आहे. फाल्गुनात त्याच्या गल्लीवरून ढोलक वाजत गेली तर तो गिऱ्हाइकाला कापड दाखवीत राहतो, असे मी ऐकले.

माझे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण प्रश्नाचे जे काही उत्तर मला मिळाले ते त्या रात्रीत आहे. खेळ अर्ध्यावर आला होता. राजा स्वारीवर निघण्याचा बोल म्हणणार, इतक्यात सारंगीची तार तुटली. नवी तार चढवून सूर लावायला वेळ लागतो, आणि उघड्या मंचाला पडदा नसतो. राजा झालेला गृहस्थ जुना, कसलेला. त्याने वळून पाहिले, तर सर्वांत जवळ टेक झेलणारा मी. त्याने मला भर चौकात विचारले, ‘परधानजी, फौज सज्ज आहे का?’ त्या माचात प्रधानाचे पात्रच नव्हते. मी हात जोडून म्हणालो, ‘महाराज, फौज सज्ज आहे, पण भिश्ती अजून पाणी घेऊन आलेला नाही.’

भिश्ती झालेला इसम आपले काम संध्याकाळीच उरकून मंचाखाली विडी ओढीत बसला होता. राजाने त्याच्या नावाने अशी काही आरोळी ठोकली की तो पखाल खांद्यावर टाकून, उलटी पगडी घालून धडपडत वर आला. मग राजाने त्याची खरडपट्टी काढली, त्याने राजाच्या पायांवर पाणी शिंपडण्याचे निमित्त करून गोल गोल पळापळ केली, फर्रासनही उगाच जाजम घेऊन धावत आली, आणि चौक हसून लोटपोट झाला. तेवढ्यात तार चढली. माझा वाटा त्यात एका वाक्याचा. पण ते वाक्य बोलल्यावर राजाला आरोळी मिळाली, भिश्त्याला प्रवेश मिळाला आणि सारंगीवाल्याला वेळ मिळाला. पहाटे चहा घेताना कोणीतरी म्हणाले, ‘परधानजी, पेला इकडे द्या.’ त्या दिवसापासून त्या मंडळीत मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. पुढच्या वर्षी उस्तादांनी मला बोल दिले, ते मला नंतर आठवूनही पाहावे लागत नाहीत. पण खरा प्रवेश झाला तो पेल्यापाशी.

मराठी रंगभूमीचा आरंभही असाच एकमेकांच्या भरवशावर झालेला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या प्रसंगाला अनुसरून आयत्या वेळी भाषणे करीत. ती लिहिलेली नसत. राक्षस ‘अललडुर्र’ करीत येत, म्हणून पुढच्या सुशिक्षितांनी ह्या नाटकांची थट्टा केली. मला मात्र त्या राक्षसांविषयी आदर वाटतो. समोरचा देव काय बोलणार हे ठाऊक नसताना त्याच्याशी रात्रभर युद्ध खेळायचे आणि त्याला हरण्यापुरती नव्हे तर जिंकण्यापुरती जागा करून द्यायची, हे काम पाठ केलेल्या भाषणापेक्षा अवघड आहे.

पुढे नाटके लिहिली गेली, कंपन्या निघाल्या आणि नवख्याची कसोटी बदलली. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले. किर्लोस्कर मंडळीची शकुंतला आणि सुभद्रा म्हणजे भाऊराव, असे ज्यांच्या कानांना ठाऊक होते अशा प्रेक्षकांपुढे १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. बालगंधर्व हे नाव त्याला आधीच मिळालेले होते. परंतु मिळालेले नाव मंचावर उपयोगी पडत नाही. त्याच्या समोर त्याला शकुंतला मानणारा दुष्यंत लागतो, तिला सखी मानणाऱ्या अनसूया-प्रियंवदा लागतात. कंपनीत सारे एका बिऱ्हाडी राहत, एका पंगतीत जेवत आणि एका तालमीत घाम गाळीत. बालगंधर्वांच्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या पंगतीविषयी कमी.

हे सारे जुने झाले, आता कोण सोंगे घेतो, असे कोणी म्हणेल. त्याने माझ्या भाचीला भेटावे. ती नववीत आहे आणि गेले वर्षभर ती एका वेगळ्या मंडळीत सोंग घेते. ही मंडळी एकत्र जमत नाही. कोणी पुण्यात, कोणी इंदुरात, कोणी परदेशात बसून मोबाइलवर लिहितो. एक कल्पित नगर ठरलेले आहे; प्रत्येकाने आपले एक पात्र घेतले आहे, आणि आपल्या पात्राचे बोलणे-वागणे जो तो लिहितो. ह्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा टेबलाभोवती बसून खेळण्याचा सोंगांचा खेळ प्रसिद्ध केला. चारच वर्षांनी, १९७८ साली, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने संगणकावर असे एक शब्दांचे जग रचावयास घेतले, की त्यात एकाच वेळी अनेक जण शिरू शकत. ते काम पुढे रिचर्ड बार्टल ह्या त्याच्या सोबत्याने नेले. टेबलाभोवतीच्या खेळात एक जण प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राचे बोल आयत्या वेळी बोलतात. म्हणजे भाव्यांचा सूत्रधारच. फक्त कोणी ‘अललडुर्र’ करीत नाही.

तिच्या मंडळीत नवख्याला कसे घेतात, हे मी तिला खोदून खोदून विचारले. ती म्हणाली, ‘मामा, तिथे एक नियम फार कडक आहे. मी तलवार उगारली असे लिहायचे. तुझा हात तुटला असे लिहायचे नाही. हात तुटला की नाही, ते ज्याचा हात त्याने लिहायचे.’ मी क्षणभर थक्क झालो. उस्तादांच्या मानेतून जे शिकायला मला पंधरा दिवस लागले, ते ह्या मुलांनी एका ओळीत लिहून दारावर लावले आहे! पात्राचे बोलणे आणि स्वतःचे बोलणे ह्यांत गल्लत होऊ नये म्हणून स्वतःचे बोलणे ती मंडळी कंसात लिहितात. पात्रांचे वैर कंसात शिरता कामा नये, हाही नियमच.

ती स्वतः आठ दिवस काही न लिहिता त्या नगराचे जुने प्रसंग वाचीत राहिली. मग एक औषधे विकणारी म्हातारी होऊन आत गेली. राजकन्या नाही, जादूगारीण नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, ‘त्यांच्यातला एक सरदार तीन दिवस जखमी होता आणि कोणी वैद्यच नव्हता.’

मला एका गोष्टीची काळजी मात्र वाटते. चौकात सोंगाखालचा चेहरा सारा गाव ओळखत असे. रंग पुसला की राजा म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळजी. भाचीच्या मंडळीत रंगाखाली कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि आपल्याला आपले म्हणावे ही भूक मुलांना कोठेही ओढून नेऊ शकते. म्हणून तिच्या आईने एकच अट घातली आहे : खरे नाव, शाळा, पत्ता आणि छायाचित्र, ह्यांपैकी काहीही कंसातसुद्धा द्यायचे नाही. जी मंडळी नवख्याकडे आपलेपणाच्या मोबदल्यात असे काही मागते, तिच्याकडे पाठ फिरवावी. तेथे खेळ नाही.

आणि ह्या जुन्या चौकाचे गुणगान करताना एक गोष्ट मला लपविता येत नाही. माझी भाची १९८४ साली त्या चौकात आली असती तर तिला टेक झेलायलाही कोणी उभे केले नसते. फर्रासन आणि राणी पुरुषच होत. आमच्या आळीतल्या बायका गच्चीवरून रात्रभर माच पाहत. त्यांतल्या कित्येकींना सारे बोल पाठ होते. नवख्याने धीर धरावा, ऐकावे, झेलावे, हे सर्व खरे. पण ते ज्याला दार आहे त्याच्यासाठी. गच्चीवरच्या त्या बायकांनी किती वर्षे धीर धरायचा होता? अलीकडे काही मंडळ्यांत स्त्रिया माचात उतरतात. त्यांना पाहिले की मला त्या गच्च्या आठवतात.

गेल्या फाल्गुनात भाची आमच्याकडे आली होती. रात्री जेवणानंतर ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या मंडळीत एक नवा मुलगा शिरला होता आणि त्याने आल्या आल्या लिहिले होते : मी उत्तरेचा राजपुत्र, मला कोणीही जिंकू शकत नाही, माझ्या एका नजरेने सारे नगर गुडघ्यांवर आले. दोन दिवस झाले होते. कोणीही उत्तर लिहिले नव्हते. नगरातली माणसे त्याच्या आजूबाजूने आपापली कामे करीत होती, जणू तेथे कोणी उभाच नाही. ‘नियमाप्रमाणे बरोबर आहे,’ ती म्हणाली, ‘आमच्या गुडघ्यांचे त्याने लिहायला नको होते. पण मामा, तो दोन दिवस नुसता उभा आहे.’

मी तिला त्या तान घेणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसली. मग तिने दोन ओळी लिहिल्या. पहिली कंसात होती. नियम काय आहे आणि तो का आहे, ते तिने सरळ सांगितले होते. दुसरी म्हातारीची होती : औषधांच्या दुकानातून म्हातारी बाहेर आली, तिने उत्तरेहून आलेल्या मुलाच्या धुळीने भरलेल्या जोड्यांकडे पाहिले, पाण्याचा गडू त्याच्यापुढे धरला आणि विचारले, इतक्या लांबून चालत आलास, काही खाल्लेस का?

सकाळी मी चहा टाकीत असताना ती स्वयंपाकघरात आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. राजपुत्राने रात्री उशिरा उत्तर लिहिले होते. तो पायरीवर बसला होता, आणि त्याला भूक लागली होती.